खारपाणपट्ट्यातल्या घरात डिशवॉशर: पेरणीपासून हरभरा निघेपर्यंतचा अनुभव

डिशवॉशर भांडी स्वच्छ घासतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या भरल्या घरात तो मृगाच्या पेरणीआधी आला. आता हरभरा घरात आलाय. मधल्या काळात गणपती, महालक्ष्म्यांचं जेवण, दिवाळीचे पाहुणे, सगळं त्यानं निभावलं. पण आमचं गाव अकोट तालुक्यात, पूर्णा नदीकडच्या अंगाला, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे अशा खारपाणपट्ट्यात. इथे हे मशीन टिकेल की नाही, हे कंपनी आणि मॉडेलवर फार थोडं अवलंबून आहे. ते ठरतं पाण्यावर, आणि घरातल्या एका तरी माणसाला मशीन आतून कळलंय का यावर. मेकॅनिक अकोल्याहून येणार, आणि तोही त्याच्या सवडीनं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून पुस्तिका, टॉर्च आणि मल्टिमीटर घेऊन त्याच्या मागे लागले.

आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की वॉशिंग मशीनसारखं हेही पाण्यानं गच्च भरत असेल. तसं नाही. तळात एका वेळी तीन-चार लिटरच पाणी येतं. तिथला हीटर ते तापवतो आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा वर फेकतो. वरखाली जे दोन पंखे दिसतात त्यांना वेगळी मोटर नसते. त्यांची छिद्रं तिरकी असतात, त्यातून पाणी जोरात सुटलं की पंखा उलट्या दिशेला ढकलला जातो, शेतातल्या तुषार संचाच्या तोटीसारखा. खाली पडलेलं पाणी जाळीतून गाळून परत पंपाकडे. मग ते घाण पाणी बाहेर, नवं आत, असं तीन-चार वेळा. एका फेरीला माझ्या मशीनला साधारण दहा-बारा लिटर लागतं. शेवटचं खळबळणं गरम पाण्याचं असतं, त्याच उष्णतेनं भांडी सुकतात. स्टील उष्णता धरून ठेवतं म्हणून कोरडं निघतं. प्लास्टिकचे डबे ओलेच राहतात, तो बिघाड नव्हे.

अमेरिकेतल्या जोसेफिन कोक्रेन या बाईंनी 1886 साली पेटंट घेतलं आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आपलं यंत्र मांडलं. तारेच्या चौकटीत मापानं बसवलेली भांडी आणि पाण्याचा जोर, ही त्यांची मूळ कल्पना आजही तीच आहे. घासणारा ब्रश आत कुठेच नाही. त्यामुळे पाण्याचा फवारा जिथे पोचत नाही तिथलं खरकटं जात नाही. भाकरीची परात खालच्या कप्प्यात आडवी टाकली की वरचा कप्पा कोरडाच राहणार. ती कडेला उभी लावायची, आणि दार लावण्याआधी दोन्ही पंखे हातानं फिरवून कशाला अडत नाहीत ना ते बघायचं.

आता पाणी. आमच्याकडे दोन पाणी आहेत. बोरचं, जे खारं आहे, आणि वान धरणाच्या नळयोजनेचं, जे गोडं आहे पण रोज येत नाही. सुरुवातीला बसवणाऱ्यानं मोठ्या टाकीचं, म्हणजे बोरचं कनेक्शन दिलं. पहिल्या आठवड्यातच काचेचे ग्लास आणि स्टीलची ताटं पांढुरकी दिसायला लागली. नळाच्या पाण्याची एक फेरी काढून बघितली तर लखलखीत. सासूबाईंनी विचारलं, "अवो, मशीन तेच, पावडर तेच, मंग बोरच्या पाण्यानं भांडे पांढरे काहून पडतेत?"

उत्तर असं की पाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण दोन्हीला "क्षार" म्हणून मोकळे होतो. एक जडपणा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. दुसरा खारेपणा, म्हणजे मुख्यतः सोडियमचे क्षार. मशीनच्या पोटात पाणी मऊ करणारा कप्पा असतो, त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम पकडतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरत आले की मशीन आपण टाकलेल्या मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून फिरवून त्यांना पुन्हा ताजं करतं. म्हणजे जडपणा जातो, खारेपणा जात नाही. उलट पाणी आधीच खारं असेल तर मण्यांचं कामही नीट होत नाही. आमच्या पट्ट्यात "मशीनमध्ये सॉफ्टनर आहे, कसलंही पाणी चालेल" हे दुकानदाराचं बोलणं म्हणूनच धरू नका.

डाग कशाचा आहे ते घरीच कळतं. ग्लास उजेडात धरा. ओल्या फडक्यानं पुसल्याबरोबर पांढरं गेलं, तर ते खाऱ्या पाण्याचं मीठ. पाण्यानं गेलं नाही, पण व्हिनेगरचा बोळा फिरवल्यावर गेलं, तर तो जडपणाचा चुना. मीठ संपलंय किंवा मऊपणाची सेटिंग कमी आहे. दोन्हीनं गेलं नाही आणि काच धुरकटच राहिली, तर काचेचा पृष्ठभागच झिजलाय, तो परत येत नाही. आमच्या बोरच्या ग्लासावर आधी फडक्यानं बरंच गेलं आणि उरलेलं व्हिनेगरनं, म्हणजे दोन्ही दोष होते.

मग छतावर नळाच्या पाण्यासाठी वेगळा दोनशे लिटरचा ड्रम बसवला आणि मशीनची नळी फक्त त्याला जोडली. एका फेरीला दहा-बारा लिटर धरलं तर पुढचं नळाचं पाणी येईपर्यंत तो आरामात पुरतो. नळाच्या पाण्याचा जडपणा तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. पट्टी बुडवायची, रंग जुळवायचा आणि पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे आकडा मशीनवर लावायचा. मीठ डिशवॉशरचंच जाड दाण्याचं घ्या. घरातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, आणि बाजारातल्या खडे मिठात माती. दोन्ही त्या कप्प्याला बाधतात. ज्यांच्याकडे फक्त बोरचं खारं पाणी आहे त्यांनी, माझ्या मते, हे मशीन घेऊच नये. आधी पाण्याची सोय, मग मशीन.

ड्रम किती उंच ठेवायचा हाही प्रश्न आला. माझ्या पुस्तिकेत किमान 0.3 बार दाब मागितलाय. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार, म्हणजे ड्रमचा तळ मशीनच्या तोटीपासून निदान तीन मीटर वर हवा. नुसत्या स्लॅबवर ठेवून ते भागत नव्हतं, म्हणून लोखंडी घोडीवर चढवला.

मोरीचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे सिंकखालच्या सांडपाण्याच्या पाइपला जोडण्याऐवजी सांडपाण्याची नळी सरळ जमिनीलगतच्या मोरीत सोडतात. बसवणाऱ्यानं आमच्याकडेही तेच केलं होतं. अशानं सायफन सुरू होतो: मशीन पाणी भरतं आणि ते आपोआप मोरीत ओढलं जातं. पाणी पुरत नाही, मशीन मध्येच थांबतं, आणि सगळे पंपाला दोष देतात. मी नळी भिंतीला क्लिप मारून गुडघ्याच्या वर नेली, तिथून वळवून मोरीत सोडली. तेव्हापासून तक्रार नाही.

विजेचं दुखणं आमच्याकडे रब्बीत, ओलिताच्या दिवसांत. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज 180 वर येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते, त्यामुळे 230 ऐवजी 180 मिळालं की ती जवळपास 61 टक्क्यांवर येते. पाणी तापेपर्यंत मशीन वाट बघत बसतं आणि फेरी लांबते. पावडरमधली एन्झाइम्स स्टार्च आणि प्रथिनं फोडतात, त्यांना गरम पाणी लागतं, म्हणून तापमानाला आखूड वाट नाही. आम्ही फेरी रात्री उशिरा लावतो. हीटरच्या भारासाठी 16 अँपिअरचा सॉकेट आणि पक्की अर्थिंग लागतेच, एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात चालवू नका. मध्येच लाइन गेली तर माझं मशीन जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवते.

भांड्यांत जर्मनची (अॅल्युमिनियमची) पातेली, पितळ, तांबं, लोखंडी तवा काहीच आत नाही. पावडर तीव्र अल्कधर्मी असते, तिच्यानं जर्मन काळं पडतं, पितळ-तांब्याचा रंग जातो आणि तवा गंजतो. वरणाचं कुकर जर्मनचं असेल तर तेही बाहेर. स्टील, काच, चिनी मातीसाठी मशीन उत्तम. तर्रीचं तेलकट पातेलं हातापेक्षा चांगलं निघतं. हळदीनं आतल्या प्लास्टिकवर पिवळी झाक आलीये, ती पुसट होते, पण जात नाही.

ज्वारीच्या पिठाचं वेगळं सांगायला हवं. परातीला सुकलेलं पीठ तसंच आत गेलं तर गरम पाण्यात त्याची खळ होते आणि ती तळाच्या जाळीवर बसते. परात बोटानं निपटून, चूळभर पाण्यानं विसळून मगच लावायची. आमच्याकडे जाळी एक दिवसाआड निघते. अर्धा वळसा फिरवली की बाहेर येते, नळाखाली जुन्या टूथब्रशनं घासायची. पंख्यांच्या छिद्रांत तुरीची सालं आणि कोंडा अडकतो. पंखा काढून छिद्रं काडीनं मोकळी करायची आणि हलवून बघायचा. आत खुळखुळ वाजलं तर अजून काहीतरी आहे. दाराच्या खालच्या रबराला पाणी लागत नाही, तिथे चिकट थर साचतो, तो फडक्यानं पुसायचा.

सगळ्यात मोठा बिघाड पोळ्यानंतर झाला. बटण दाबलं की पाणी भरायचं नाही, सांडपाण्याचा पंप मात्र घूं घूं करत चालूच. सेवा केंद्राला फोन लावला, तर न बघताच "बोर्ड गेला असेल, बदलावा लागेल" म्हणाले. मला ते पटलं नाही, कारण बोर्ड म्हणजे सगळं मशीन चालवणारं सर्किट, आणि बाकीची सगळी बटणं, दिवे ठीक होते. प्लग काढला, पाण्याची तोटी बंद केली, खालची पट्टी दोन स्क्रू काढून उघडली आणि टॉर्च मारला. मशीनच्या तळाला एक पत्र्याचा ट्रे असतो, त्यात एक थर्माकोलचा तुकडा तरंगतो. गळतीचं पाणी ट्रेमध्ये साचलं की तुकडा वर येतो, स्विच दाबला जातो, आणि मशीन पाणी घेणं बंद करून फक्त उपसत राहतं, घरात पूर येऊ नये म्हणून. ट्रेमध्ये पाणी होतंच. स्पंजनं टिपलं, तुकडा खाली बसला, प्लग परत लावला तर पंप गप्प. बोर्ड धडधाकट.

मग गळती शोधली. पंपाजवळच्या पन्हळी नळीला उंदरानं कुरतडून करंगळी जाईल एवढं भोक पाडलं होतं, बाजूला लेंड्या पडलेल्या. दाराच्या कडेवरच्या पट्टीवर मॉडेलचा नंबर असतो, त्यावरून नळी मागवली आणि क्लिप आवळून बसवली. आता मागच्या आणि खालच्या फटींना बारीक तारेची जाळी लावलीये. खेड्यात मशीन घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

बाकीचे बिघाड किरकोळ. तळात पाणी तुंबलं तर जाळीखालचं छोटं झाकण काढून पंपाचा पंखा बघायचा. आमच्या पंख्यात बोराची आठोळी अडकली होती. बोटानं फिरवला तर तो अटकत अटकत फिरतो, आत चुंबक असतं म्हणून, त्याला बिघाड समजू नका. पाणी हळू येत असेल तर मागची नळी सोडवून तोटीच्या तोंडाशी असलेली इवलीशी जाळी पक्कडनं ओढून घासायची, नळयोजनेचा गाळ तिथे बसतो. पाणी तापतच नसेल तर प्लग काढून, हीटरच्या वायरी सुट्या करून त्याचा रोध मोजायचा. 2000 वॉटचा हीटर साधारण 26 ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय.

सांडपाणी कुठे सोडायचं, हे विकणारा कुणीच सांगत नाही. सुरुवातीला घरात बोलणं झालं की ते परसातल्या केळीला द्यावं. मी नाही म्हटलं. त्यात पावडरचा सोडा आणि मिठाचं सोडियम दोन्ही असतं. आपली काळी माती सोडियमनं चिकट होते, सुकली की दगडासारखी, आणि पाणी मुरणं बंद होतं. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीला हा आजार आधीच आहे. म्हणून मशीनची नळी मोरीतून वेगळ्या पाइपनं शोषखड्ड्यात नेलीये, आणि केळीला भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी जातं.