जड पाण्याचा शॉवर: फरश्या, सांधे आणि काच यांचा वर्षभरानंतरचा अनुभव

शॉवरच्या काचेच्या पार्टिशनवर पडलेले पांढरे डाग दाखवण्यासाठी विक्रेत्याच्या माणसाला बोलावले, तेव्हा ‘काच आमची, पाणी तुमचे’ एवढे सांगून त्याने भेटीचे शुल्क मागितले. याच विक्रेत्याने काम घेताना ‘डाग धरणार नाही’ अशा लेपासाठी चौरस फुटामागे वेगळे पैसे लावले होते. शुल्क मी दिलेले नाही आणि देणारही नाही.

आमच्या वाघोलीकडच्या इमारतीत बोअरचे पाणी येते आणि उन्हाळ्यात त्यात टँकरची भर पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा, म्हणजेच पाण्याचा जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालतो. आमच्या पाण्याचा आकडा त्या वरच्या टोकाजवळ आहे. असे पाणी वाळले की कॅल्शियम कार्बोनेटचा थर मागे राहतो आणि तो साबणाने नव्हे, आम्लानेच निघतो. त्यामुळे आमच्यासारख्यांनी दुकानात रंग आणि नक्षी पाहण्याआधी ती वस्तू आम्ल सोसते का, हे विचारलेले बरे.

या कसोटीवर सर्वांत खरी उतरलेली वस्तू म्हणजे फरश्यांच्या सांध्यांत भरलेले इपॉक्सी ग्राउट. मिस्त्रींचा आग्रह ‘पेपर जॉइंट’चा, म्हणजे फरशीला फरशी भिडवून वरून पांढरे सिमेंट फासण्याचा होता. तसा सांधा दिसायला सुबक असतो. पण त्यात इपॉक्सी उतरतच नाही आणि सिमेंट सच्छिद्र असल्यामुळे आधी पिवळे, मग काळे पडते आणि आम्लाच्या प्रत्येक धुण्याबरोबर थोडे थोडे झिजते. मी स्पेसर लावून 3 मिलिमीटरचे सांधे ठेवायला लावले. राळ, हार्डनर आणि पूड असे तीन भाग एकत्र कालवून हे ग्राउट भरावे लागते, ते लवकर घट्ट होते, आणि फरशीवर राहिलेला चिकट पापुद्रा त्याच वेळी पुसला नाही तर खरखरीत फरशीवर कायमचा बसतो. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा त्याचा भाव कितीतरी पट, शिवाय भरण्याची मजुरी रनिंग फुटावर वेगळी. ते बिल पाहून मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नव्हतो. आज मात्र ते सांधे भरल्या दिवशी होते तसेच आहेत. बाथरूममध्ये आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते दाखवतो, असा घरच्यांचा आरोप आहे आणि तो खरा आहे. मात्र इपॉक्सी म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. ते खालच्या थरात आधीच झालेले असले पाहिजे, आणि फरशी बसवण्यापूर्वी नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जमिनीतून पाणी निघून जाते त्या जागेचे, तोंड बंद करून पाणी साठवून खालच्या मजल्यावर ओल येते का, हे पाहिलेच पाहिजे.

जमिनीला एक बाय एक फुटाची मॅट व्हिट्रिफाइड फरशी घेतली. तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. भिंतीच्या सिरॅमिक फरशीत ती 10 टक्क्यांच्या वर जाते. लहान फरशीने ट्रॅपकडे उतार नीट काढता येतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकडही मिळते, अर्थात त्याच हिशेबाने इपॉक्सीही जास्त लागते. उंबऱ्यासाठी कडाप्पा स्वस्त मिळत होता. परंतु कडाप्पा आणि कोटा हे दोन्ही चुनखडकच असल्याने आम्ल त्यांनाही खाते. म्हणून ग्रॅनाइट बसवला. त्याबद्दल तक्रार नाही.

राहिली काच. 8 मिलिमीटरची टफन्ड काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही वा तिला भोक पाडता येत नाही, म्हणून मापे फरशी बसल्यावरच द्यावी लागली आणि तेवढे दिवस काम अडले. मार्चपर्यंत माझे मत असे होते की काच काढून टाकावी आणि विक्रेत्याच्या दारात नेऊन ठेवावी. नंतर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्लच, कोमट पाण्यात विरघळवून काचेवर फवारले, दहा मिनिटे ठेवून रबरी पट्टीने ओढले आणि लेपाने जे केले नव्हते ते काही रुपयांत झाले. तरीही हे दर आठवड्याला करावे लागते, आणि काचेच्या तळाशी भरलेला सिलिकॉन काळा पडू लागला आहे, त्यावर लिंबूसत्त्वाचा उपाय चालत नाही. संडास धुण्याचे तीव्र आम्ल मात्र इथे आणू नये. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने नळांचे क्रोम आणि 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बिजागरसुद्धा खराब होते.

आईवडिलांच्या बाथरूमचे काम दिवाळीनंतर काढणार आहोत. तिथे काच नसेल, कमरेएवढी फरशी लावलेली आडभिंत आणि वर पडदा असेल. वाचलेल्या पैशांतून तिथल्याही सर्व सांध्यांत इपॉक्सीच भरले जाईल, आणि मिस्त्रींना ते आत्ताच सांगून ठेवले आहे.