आठवीच्या तासाला काय न्यावं: मोडी पत्र, वीरगळ की जनरल रजिस्टर?

‘इतिहासाची साधने’ हा पाठ नुसत्या व्याख्येवर उरकू नये. एक तरी साधन मुलांच्या हाती पडायला हवं. सातारा-सांगलीकडच्या शाळांना तीन साधनं जवळची आहेत, पण तास असतो ३५ मिनिटांचा.

मोडी पत्राची ओढ मोठी. आधी आडवी रेघ, तिच्याखाली शब्द न तोडता सलग मजकूर. अख्खं पत्र वाचायला दिलं तर तास पहिल्या दोन ओळींतच संपतो. त्यापेक्षा देवनागरी लिप्यंतर सोबत द्यावं आणि फक्त साल सोडवून घ्यावं. ‘सलास सबैन मया अलफ’ हे अरबी अंकशब्द, म्हणजे ३ + ७० + १०० + १०००, शुहूर सन ११७३; शुहूर ही जुन्या मराठी पत्रांतली कालगणना. इसवी सन काढायला मृग नक्षत्रापासून (तिथे शुहूर वर्ष सुरू होतं) डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ६०० मिळवले की १७७२ चं पत्र १७७३ चं होऊन बसतं.

देवळाशेजारी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची कोरीव स्मृतिशिळा, असेल तर सकाळच्या तिरक्या उन्हात न्यावं: खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा. बहुतेकांवर लेख नसतो, त्यामुळे नाव-साल विचारू नये. खडूने घासू देऊ नये.

सुरुवात मात्र जनरल रजिस्टरपासून, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीपासून, करावी, असं आमचं ठाम मत. मूळ रजिस्टर कार्यालयातच राहू द्यावं. मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुन्या पानांवरच्या २० नोंदी उतरवून घ्याव्यात. नावांऐवजी क्रमांक घालावेत आणि जातीचा रकाना गाळावा, नाहीतर मुलं ओळखीची आडनावं शोधत बसतात. चौघांत एक प्रत पुरते. जन्मतारखांत १ जून पुन्हापुन्हा दिसला की थांबावं. घरी जन्माची नोंद नसे, मग गुरुजी वय बसेल अशी तारीख घालत. दाखल केल्याची तारीख मात्र त्याच वेळी लिहिलेली. एकाच ओळीत एक रकाना कच्चा, एक पक्का. साधन तपासणं म्हणजे काय ते इथे मुलांना स्वतःच उमगतं.

तासगाव-वाळव्याकडे जिल्ह्याचं नावही पाहावं: १९४९ पर्यंत सातारा, मग दक्षिण सातारा, १९६० पासून सांगली. १९४३ च्या सुमारास कुणी शाळा सोडलेली दिसली की मुलं लगेच प्रतिसरकारशी, म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथे चाललेल्या समांतर सरकारशी, नातं जोडतात. कारणाचा रकाना कोरा असेल, तर वहीतही तो कोराच ठेवायला सांगावं.