साखर सोडून स्वीटनर, सोबत रोजच्या गोळ्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

टाइप २ मधुमेह निघाला, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या रक्तातली साखर कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि चहातली साखर बंद झाली. तेव्हापासून सुक्रालोजच्या गोळ्या, स्टीव्हियाचे थेंब आणि एरिथ्रिटॉलची पावडर असं तिन्ही आलटून पालटून वापरून झालंय. स्वीटनरचा डबा घेताना आपण चव बघतो, कॅलरी बघतो, पण आपण कुठली औषधं घेतोय हे त्या वेळी डोक्यात नसतं. काही महिन्यांनंतर मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटू लागली आहे.

चवीचं आधी उरकते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असतं, म्हणून इवल्याशा गोळीत काम भागतं, आणि गरम चहात फरक फारसा जाणवत नाही. स्टीव्हियाची चव मागाहून कडवट येते, ज्येष्ठमधाची आठवण करून देणारी. एखादा थेंब जास्त पडला तर पेय घशाखाली उतरत नाही. एरिथ्रिटॉल दिसायला थेट साखर, गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के, आणि जिभेवर गार लागतं. अस्पार्टेम मी घेतलं नाही, कारण उकळताना त्याची गोडी जाते. ज्यांना फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार आहे त्यांनी तर ते घ्यायचंच नाही, वेष्टनावर तशी सूचना असते.

पुडीतली पावडर मात्र निव्वळ स्वीटनर नसते. स्वीटनर इतकं कमी लागतं की पुडी भरायला डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालतात, आणि या दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. एका पुडीत ते जेमतेम ग्रॅमभर असतं, त्याची चिंता नको. पण तीच पावडर वाटीवाटीने गोड पदार्थात घातली तर हिशोब बदलतो. म्हणून घटकांची यादी वाचायचीच, समोरच्या मोठ्या अक्षरांवर जायचं नाही.

आता खरा मुद्दा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर कधीकधी एकदम खाली जाते. एका संध्याकाळी जेवण लांबलं आणि माझे हात थरथरायला लागले, घाम फुटला, समोरच्याचं बोलणं नीट कळेना. ग्लुकोमीटरवर ६२ आलं. घरच्यांनी धावत जाऊन फ्रीजमधून शीतपेयाचा कॅन आणला. तो डाएटचा, म्हणजे बिनसाखरेचा होता. त्या क्षणी त्याचा उपयोग पाण्याइतकाच. ग्लुकोज पावडर हाताशी होती म्हणून निभावलं. ज्या घरातून साखर पूर्ण हद्दपार झाली आहे त्या घरात हा धोका जास्त, आणि ही गोष्ट कुठल्याही डब्यावर छापलेली मला दिसली नाही.

त्यामुळे साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात विरघळवून घ्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मधुमेहाच्याच अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या घेणाऱ्यांनी तर ग्लुकोजच जवळ ठेवावं, कारण या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच वैद्यकीय मदत बोलवा. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं, कारण त्या वेळी आजारी माणसाचं डोकं चालत नसतं.

दुसरा अनुभव पोटाचा. मध्यंतरी गॅस आणि जुलाब सुरू झाले. मेटफॉर्मिनने असं होतं हे ऐकून होते, त्यामुळे संशय गोळीवरच होता. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय खाताय? ‘शुगर-फ्री’ चघळायच्या गोळ्यांची आणि बिस्किटांची पाकिटं उलटून पाहिली तर त्यात सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल हे स्वीटनर. हे आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, पाणी ओढून घेतात, म्हणून जास्त झाले की पोट बिघडतं. ते बंद केल्यावर काही दिवसांत त्रास थांबला आणि मेटफॉर्मिन होतं तसंच चालू राहिलं. म्हणूनच नवं औषध आणि नवं स्वीटनर एकाच आठवड्यात सुरू करू नये असं मला वाटतं. त्रास कशाचा, हे मग कळत नाही.

सॉर्बिटॉल खोकल्याच्या बिनसाखरेच्या सिरपमध्येही सापडतं, आणि साध्या सिरपमध्ये साखर असते. सर्दी-तापाच्या औषधांकडेही मी आता याच नजरेने बघते. सर्दीच्या कित्येक संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतं. वरून तापाची वेगळी गोळी घेतली की तेच औषध दुप्पट जातं. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. यकृताचा त्रास असेल, वजन फार कमी असेल किंवा मद्य नियमित असेल तर मर्यादा याहून खाली, ती डॉक्टरांनाच विचारायची. आयबुप्रोफेन मी विचारल्याशिवाय घेत नाही. मधुमेहात मूत्रपिंडं जपायची असतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत ते घेतलं तर मूत्रपिंडांवर ताण वाढतो. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन स्वतःहून कधीच देऊ नये. सिरप मोजायला सोबतचं मापच वापरा, घरातले चमचे सारखे नसतात.

भीतीबद्दलही सांगते, कारण हे वापरत असताना मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते कॅन्सरविषयी. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला ‘२बी’ म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. त्याच वेळी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाने दिवसाला नऊ ते चौदा कॅनपेक्षा जास्त डाएट पेय प्यायलं तर ती ओलांडली जाईल. मला यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. एरिथ्रिटॉलबद्दल मात्र मी हात आखडता घेतलाय. २०२३ च्याच एका अभ्यासात रक्तातलं त्याचं प्रमाण जास्त असणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळले. हे कारण आहे की नुसता संबंध, ते त्यातून ठरत नाही, शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं. पण मधुमेहात हृदयाचा धोका आधीच वाढलेला असताना मला ते रोज चमच्याने नको.

वजन उतरेल म्हणून कोणी हे घेत असेल तर त्याच वर्षी संघटनेने वजन नियंत्रणासाठी स्वीटनर वापरू नका असा सल्ला दिला आहे. आधीपासून मधुमेह असणाऱ्यांना तो लागू नाही.

सध्या माझ्याकडे फक्त सुक्रालोजची डबी उरली आहे, चहाला एक गोळी, आणि कॉफी आता बिनगोडाची जमते. झायलिटॉल हे स्वीटनर घातलेलं च्युइंगगम घरात येत नाही, कारण घरात कुत्रा आहे. थोडंसं झायलिटॉलसुद्धा कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत पाडू शकतं. औषधांच्या यादीत मी स्वीटनरचं नावही लिहिते आणि तपासणीला जाताना ती यादी सोबत नेते. पुढच्या खेपेला बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यायची आहे, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर ते कमी होऊ शकतं.