स्वस्तातला एन१००: पंचवटीतल्या दुकानात आठ महिने वापरून

पंचवटीत निमाणीजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दसऱ्याला जुना टॉवर काढून इंटेलच्या एन१०० या स्वस्त प्रोसेसरचा मिनी पीसी बसवला, ८ जीबी रॅमचा. "एवढा स्वस्त प्रोसेसर जूनच्या गर्दीत मान टाकेल," असं शेजारच्यांनी बजावलं होतं. नाही टाकली. सातबारा, दाखले, प्रवेशअर्ज, पंधरा-वीस टॅब उघडे, शिवाय स्कॅनर चालू. काम अडलं नाही.

त्याने मला खरं जिंकलं ते एप्रिलमधल्या एका दुपारी. दिंडोरीकडचे एक काका मुलीचा फॉर्म भरायला आले होते. ओटीपी आला आणि लाइट गेली. जुना टॉवर याच यूपीएसवर जेमतेम सात-आठ मिनिटं तग धरायचा. आता फॉर्म सबमिट झाला, पीडीएफ काकांच्या व्हॉट्सॲपवर गेली, तरी यूपीएसमध्ये जीव होता. हा प्रोसेसर ६ वॉटच्या हिशेबाने बनवलाय, म्हणून वीज कमी खातो. चार कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, तेही इंटेलच्या बाराव्या पिढीत मोठ्या कोरांच्या जोडीला बसवलेल्या छोट्या कोरांच्याच जातीचे.

फ्लेक्सच्या मोठ्या फाइलला मात्र दम लागतो. मेमरीला एकच चॅनल, म्हणजे डेटा ये-जा करायला एकच वाट आहे, तिथे इलाज नाही. विक्रेत्याने वेगवान एनव्हीएमई डिस्क सांगून आत तिच्यापेक्षा मंद साटा डिस्क घातली होती. ती स्वखर्चाने बदलली, तेव्हा कुठे वेग आला.

नफा कमी म्हणून इंटेलसारख्या मोठ्या कंपनीने स्वस्त चिपांच्या बाजारात पडू नये, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्यासारखी दुकानं याच किमतीत बसतात. फक्त स्वस्त म्हणजे मुद्दाम लंगडं, असं नको. १९९८ मध्ये एएमडी आणि सायरिक्स या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या स्वस्त चिपांना उत्तर म्हणून इंटेलने सेलेरॉन हा पहिला स्वस्त प्रोसेसर काढला, तो आपल्याच महागड्या पेंटियम टूचा एल-टू कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असलेली वेगवान मेमरी) पूर्ण काढून टाकून. लोकांनी नावं ठेवली. त्याच वर्षी १२८ केबी कॅश थेट चिपवरच दिलेला सेलेरॉन ३००ए आला, आणि हौशी लोक तो ३०० चा ४५० मेगाहर्ट्झवर पळवू लागले. पैसे तेव्हाही कमीच मोजावे लागत होते, पण माल चोख होता. एन१०० मला त्याच जातीचा वाटतो.

दुसऱ्या काउंटरलाही हाच घेतोय. या वेळी १६ जीबीचा, आणि डिस्क विक्रेत्यासमोरच उघडून बघून.