फेव्हरिट पोएम प्रोजेक्ट : कविता वाचणाऱ्यांचे व्हिडिओ, फुकट आहेत आणि बघाच

कवितेवरचे व्हिडिओ नेटवर ढिगाने आहेत, कवी स्वतः वाचतायत, नट वाचतायत, प्राध्यापक अर्थ समजावून सांगतायत, पण ज्याचं पोट कवितेवर चालत नाही असा साधा वाचक, त्याला एखादी कविता कुठे भेटली, ती त्याच्याजवळ का राहिली आणि मोठ्याने वाचताना त्याला काय होतं हे कोणी नीट रेकॉर्ड करून ठेवलंय का असं शोधायला गेलात तर हाताला फार काही लागत नाही. मला माहीत असलेल्यांपैकी सगळ्यात चांगलं काम अमेरिकेतलं आहे, फेव्हरिट पोएम प्रोजेक्ट. नव्वदच्या दशकाच्या शेवटचं, म्हणजे जुनंच, पण आमच्या वाचनगटात कुणालाच माहीत नव्हतं आणि मराठीतही त्यावर कुठे वाचल्याचं आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी थोडी माहिती. 1997 मधे कवी रॉबर्ट पिन्स्की अमेरिकेचे पोएट लॉरिएट, म्हणजे राष्ट्रकवीसारखे, झाले. हे पद तिथली लायब्ररी ऑफ काँग्रेस देते, आणि पदावर बसून काय करायचं हे बरंचसं त्या कवीवर सोडलेलं असतं. पिन्स्कींनी स्वतःच्या कवितांचे कार्यक्रम करत फिरण्याऐवजी देशभरातल्या लोकांना आवाहन केलं की तुमची आवडती कविता कळवा आणि ती का आवडते ते दोन-चार वाक्यांत लिहा. वर्षभरात 18,000 लोकांनी लिहिलं, सगळ्यात लहान 5 वर्षांचा आणि सगळ्यात मोठा 97 वर्षांचा! त्यातून निवडलेल्या माणसांवर 50 छोट्या डॉक्युमेंटरी झाल्या, 1999 मधे लोकांच्या आवडत्या कवितांचं एक जाड पुस्तक आलं ज्यात प्रत्येक कवितेबरोबर ती सुचवणाऱ्या वाचकांची पत्रंही छापली, आणि हे व्हिडिओ तिकडच्या पीबीएस चॅनलच्या बातम्यांच्या कार्यक्रमातही दाखवले गेले. म्हणजे निवडणुका, युद्ध, शेअर बाजार आणि मग मधेच एक माणूस कविता वाचतोय. हे मला फार आवडलं. प्रोजेक्टचं घर बॉस्टन युनिव्हर्सिटीत आहे आणि व्हिडिओ वेबसाईटवर फुकट बघता येतात.

प्रत्येक व्हिडिओ थोड्याच मिनिटांचा. माणूस आधी स्वतःबद्दल बोलतो, मग कवितेबद्दल, आणि मग कविता वाचतो, बास. मुलाखत घेणारा मधे येत नाही, कोणी तज्ज्ञ येऊन "या कवितेत कवीला असं म्हणायचंय" सांगत नाही. एवढी साधी पद्धत आहे पण माझ्या मते सगळी ताकद तिच्यातच आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिला बघायचा तो बॉस्टनच्या गॅस कंपनीत कन्स्ट्रक्शनचं काम करणाऱ्या माणसाचा. तो वॉल्ट व्हिटमनची 'साँग ऑफ मायसेल्फ' वाचतो. 1855 ची कविता, प्रचंड लांब, आणि तिच्या शेवटाकडे कवी म्हणतो की मी मातीत मिसळून गवत होऊन उगवणार आहे, मला शोधायचं तर तुमच्या बुटाच्या तळव्याखाली शोधा. आता ही ओळ आपण घरात पंख्याखाली बसून वाचणं वेगळं आणि ज्याचे बूट रोज मातीत असतात त्याने ही कविता आपली म्हणून निवडणं वेगळं. मुद्दाम वेगळा आवाज काढत नाही, हातवारे नाहीत, रोजच्या बोलण्याच्याच आवाजात वाचतो. व्हिटमन ज्या कामकऱ्यांबद्दल लिहीत होता त्यांच्यातलाच एक जण जवळजवळ दीडशे वर्षांनी त्याला वाचतोय हे डोक्यात आलं आणि मी व्हिडिओ थांबवून परत पहिल्यापासून लावला.

दुसरा आहे साऊथ बॉस्टनमधल्या एका विद्यार्थ्याचा. त्याच्या वस्तीत त्या काळात तरुण मुलांच्या आत्महत्या होत होत्या आणि त्याने आपले मित्र त्यात गमावलेले. तो ग्वेंडोलिन ब्रूक्सची 'वी रिअल कूल' वाचतो. आठ ओळींची कविता, एवढीशी. शाळा सोडून पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळत बसलेली सात पोरं आपल्याबद्दल बोलतात, आम्ही असे, आम्ही तसे, आणि शेवटी आम्ही लवकर मरतो. या कवितेत 'वी' हा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी लटकत ठेवलाय आणि ब्रूक्स स्वतः सांगायच्या की तो हळू म्हणायचा, कारण त्या पोरांनाच आपण कोण आहोत याची खात्री नाहीये. मी ही कविता आधी वाचली होती आणि चांगली, हुशारीने रचलेली कविता म्हणून बाजूला ठेवली होती. त्या मुलाच्या तोंडून शेवटची ओळ ऐकल्यावर ती रचना वगैरे काही दिसत नाही, त्याचे मित्र दिसतात. ब्रूक्स शिकागोच्या, कृष्णवर्णीय, कविता 1960 च्या आसपासची, आणि हा मुलगा दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या पिढीचा, पण कविता त्याच्या गल्लीबद्दलच आहे असं तो वाचतो आणि ते आपल्याला पटतं.

असंच कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावच्या एका शाळकरी मुलीचं. आईवडील कंबोडियातल्या नरसंहारातून वाचून अमेरिकेत आलेले. ती लँग्स्टन ह्यूजची 'मिन्स्ट्रेल मॅन' वाचते. मिन्स्ट्रेल म्हणजे गोऱ्या प्रेक्षकांची करमणूक करणारा, आणि कविता त्याच्या तोंडून आहे, की माझं तोंड हसण्याने रुंदावलेलं आहे म्हणून तुम्हाला वाटतच नाही मला आत काही दुखतंय. कंबोडियन घरातली मुलगी, आणि तिला आपलं घर सापडतं ते एका काळ्या अमेरिकन कवीत. जमैकाहून आलेला एक तरुण आहे, तो सिल्व्हिया प्लाथची तान्ह्या मुलासाठी लिहिलेली 'निक अँड द कँडलस्टिक' निवडतो. 1962 मधे एका गोऱ्या बाईने मध्यरात्री बाळाला पाजताना जे मनात आलं त्यावर लिहिलेली कविता याची कशी होते हे तो स्वतःच इतक्या मोकळेपणाने बोलतो की 'आपला' कवी आणि 'त्यांचा' कवी ही जी आपल्याकडे वाटणी चालते ना, तिचा विचार करायला लागतो माणूस.

आणि एक व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाचा. हवाई दलातून निवृत्त झालेला अधिकारी युसेफ कोमुन्याकांची 'फेसिंग इट' वाचतो आणि ती कविता त्याच भिंतीबद्दल आहे, वॉशिंग्टनमधल्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीबद्दल जिच्यावर मेलेल्या सैनिकांची नावं कोरलीयेत. कवितेत कवी 58,022 नावं वाचत जातो, त्यात स्वतःचं नाव सापडेल की काय असं त्याला वाटत राहतं, आणि गुळगुळीत दगडात त्याचाच चेहरा दिसतो. (तो दगड आपल्याकडचा, बंगळूरकडून गेलेला. चेहरा दिसेल इतकी चकाकी येते म्हणूनच तो निवडला होता.) हा व्हिडिओ हेडफोन लावून बघा.

आता पद्धतीबद्दल. आपल्याला शाळेत रसग्रहण शिकवलं, कवितेची मध्यवर्ती कल्पना, अलंकार, मला आवडलेली ओळ आणि का आवडली, चार गुण. त्यातलं शेवटचं खरं तर सगळ्यात मोलाचं होतं पण तेही गाइडमधून पाठ करून लिहायचो. इथे प्रश्न तोच आहे, का आवडली, पण उत्तराला गुण नाहीत आणि उत्तर दिल्यावर कविता मोठ्याने वाचून दाखवायची आहे. वाचून दाखवायची ही गोष्ट मला कळीची वाटते. पिन्स्कींचं म्हणणंच असं आहे की कवितेचं माध्यम म्हणजे वाचणाऱ्याचं शरीर, त्याचा श्वास, त्याचा घसा. नटाने सुंदर वाचली तर आपण नटाचं वाचन ऐकतो. गॅस कंपनीतल्या माणसाने वाचली की तो कुठे थांबतो, कुठला शब्द त्याला जड जातो, कुठे आवाज बदलतो हे सगळं दिसतं आणि कविता त्याच्या आत कुठपर्यंत गेलीये ते कळतं. "मला ही कविता फार भिडली" हे वाक्य कोणीही म्हणेल, आवाज तसा खोटा काढता येत नाही.

मी आईला साऊथ बॉस्टनवाला दाखवला. तिला इंग्रजी बेताचंच येतं, मी मधे मधे सांगत होते. संपल्यावर तिने कवितेबद्दल काहीच विचारलं नाही, "त्याच्या आईला कसं वाटत असेल गं, हे टीव्हीवर बघताना" एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने मी विचारलं की तू कुठली वाचशील, तर क्षणभरही न थांबता बहिणाबाईंची 'अरे संसार संसार' म्हणाली, अख्खी, न बघता. मग सांगायला लागली की शाळेत पाठ केली तेव्हा काही कळली नव्हती, चाल छान म्हणून म्हणायचो, लग्नानंतर वीस माणसांच्या भाकऱ्या थापायला बसले आणि तवा हाताला लागला तेव्हा कळली, आणि सासूबाईंनाही तीच पाठ आहे हे मला तेव्हाच समजलं, त्या पलीकडून पुढची ओळ म्हणाल्या. हे मी कधीच ऐकलं नव्हतं! आजीला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि दोघी चुलीपाशी बसून बहिणाबाई म्हणायच्या हे मला एका अमेरिकन व्हिडिओमुळे कळलं. मी तिला परत म्हणायला लावून मोबाईलवर रेकॉर्ड केलं. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, जवळच्या माणसांनी ऐकून लिहून घेतलं म्हणून त्यांच्या गाण्यांचं 1952 मधे पुस्तक होऊ शकलं, नाहीतर सगळं हवेत गेलं असतं. वाचणाऱ्यांचं तर अजूनही हवेतच जातंय.

काय आवडलं नाही तेही लिहिते. एक म्हणजे चित्रण त्या काळच्या टीव्हीचं आहे, आजच्या मोठ्या स्क्रीनवर पुसट दिसतं, फोनवर बरं दिसतं. कधीकधी माणूस वाचत असताना त्याचा चेहरा सोडून कॅमेरा दुसरीकडे जातो, त्याचं घर, त्याचं काम वगैरे, आणि नेमकं तेव्हाच मला चेहरा बघायचा असतो. दुसरं, मोठी नावं. बिल क्लिंटन आहेत, हिलरी क्लिंटन आहेत, वाईट वाचत नाहीत, पण त्यांना बोलायची सवय आहे आणि ती दिसते, बाकीच्यांत जो उघडेपणा आहे तो तिथे मिळत नाही, ते व्हिडिओ सोडले तरी चालतील. तिसरं आणि सगळ्यात मोठं, 18,000 पत्रांपैकी आपल्यापर्यंत येतात ती हे 50 व्हिडिओ आणि पुस्तकातली निवडक पत्रं. ज्यांनी फक्त दोन ओळी लिहिल्या, ज्यांना कॅमेऱ्यासमोर बोलता येत नव्हतं, त्यांचं काय हा प्रश्न राहतोच. आणि कवितांचा मजकूर वाचून मग व्हिडिओ बघावा तर इंग्रजी कवितेची सवय नसेल तर अडखळायला होतं, म्हणून माझा सल्ला उलटा आहे, आधी व्हिडिओ बघा, मग कविता वाचा, त्या माणसाचा आवाज कानात असतो आणि अवघड ओळी आपोआप सोप्या होतात.

मराठीत याच्या जवळ जाणारं मोठं काम म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचं, हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेलं, गावोगावच्या बायकांकडून 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आणि आता त्यातल्या काही पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साईटवर ऐकता येतात, तेही जरूर ऐका. पण ते गाणाऱ्यांचं आणि रचणाऱ्यांचं आहे. छापलेली कविता वाचणाऱ्यांचं आपल्याकडे काय? विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव फिरून कविता वाचायचे आणि हॉल भरायचे, त्या हॉलमधे बसलेली माणसं आज सत्तर-ऐंशीची आहेत. कोणी कुसुमाग्रजांची 'कणा' पूर आल्यावर वाचली असेल, कोणी गिरणी बंद झाल्यावर सुर्वे वाचले असतील, कोणी चोरून ढसाळ वाचले असतील. दर 27 फेब्रुवारीला शाळांमधून कवितावाचन होतंच, त्यात फक्त एवढं करायचं की शिपाईकाकांना, डबेवाल्या मावशींना, एखाद्या आजोबांना खुर्ची द्यायची, कुठली कविता आणि का एवढं विचारायचं आणि मोबाईल चालू ठेवायचा. खर्च शून्य.

प्रोजेक्टच्या साईटवर शिक्षकांसाठी आणि असा कार्यक्रम करू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना पण आहेत. त्यातली मला पटलेली म्हणजे कोणी स्वतःच्या कविता वाचायच्या नाहीत, ज्याने हा नियम केला त्याने कार्यक्रम वाचवला. आम्ही आमच्या गटात पुढच्या महिन्यात करतोय, प्रत्येकी एक कविता, बोलणं कवितेपेक्षा लांब नको, आणि रेकॉर्डिंगची परवानगी आधीच विचारून ठेवायची कारण लोक बोलता बोलता घरातलं सांगून जातात. तुमच्याकडे वाचनालयाने किंवा कॉलेजने असं काही केलं असेल तर खाली नक्की लिहा, विशेषतः रेकॉर्डिंग नंतर कुठे ठेवलंत ते, कारण आमचं गाडं सध्या तिथेच अडलंय.