अपाचेचे एचटीपासवर्ड : चाचणी संकेतस्थळासाठी पुरेसे कुलूप

संकेतस्थळ तयार होत असताना ते ग्राहकाला दाखवावे लागते, पण गूगलच्या आणि इतरांच्या नजरेला पडू द्यायचे नसते. एवढ्यासाठी स्वतंत्र लॉगिन लिहीत बसण्याऐवजी मी गेली अनेक वर्षे अपाचे या वेब सर्व्हरबरोबर विनामूल्य मिळणारे, नाव-पासवर्डची फाइल बनवणारे एचटीपासवर्ड हे छोटे साधन वापरत आलो आहे.

मला यातले मोल वाटते ते तपासणीच्या जागेचे. ॲप्लिकेशनचा कोड चालू होण्याआधीच सर्व्हर नाव आणि पासवर्ड विचारतो. पीएचपीच्या प्रत्येक पानाच्या आरंभी सेशन, म्हणजे लॉगिन झाले आहे का ते, तपासणारी ओळ घालायची म्हटली की एखादे पान हमखास सुटते, आणि अपलोड केलेल्या पीडीएफ व छायाचित्रांना तर ती ओळ लागूच होत नाही, कारण त्या फायली सर्व्हर थेट पाठवतो. येथे मात्र अख्खा फोल्डरच बंद होतो.

मांडणी सोपी आहे. पासवर्डची फाइल तयार करून एचटीॲक्सेस या फोल्डरच्या नियमांच्या फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या की काम होते. त्या ओळींचा काहीच परिणाम दिसला नाही, तर मुख्य कॉन्फिगरेशनमधील अलाउ-ओव्हरराइड, म्हणजे असे नियम मानण्याची परवानगी, तपासावे, अपाचे २.४ मध्ये ते मुळात बंदच असते. पासवर्डची फाइल मात्र संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेरच ठेवावी.

एका बाबतीत फार सावध राहावे लागते. नवी फाइल तयार करण्याचा ‘सी’ हा पर्याय केवळ पहिल्या वापरकर्त्यासाठी आहे. दुसरे नाव जोडताना तो चुकून पुन्हा दिला गेला, तर जुनी फाइल काहीही न विचारता पुसली जाते. आमच्या एका प्रकल्पात ग्राहकाकडच्या सहा जणांची नावे अशीच गेली आणि प्रत्येकाला फोन करून नवा पासवर्ड कळवावा लागला. तसेच मोठा ‘बी’ हा पर्याय दिल्याशिवाय पासवर्ड बीक्रिप्ट या अधिक सुरक्षित सांकेतिक पद्धतीने साठवला जात नाही, जुन्या एमडी५ पद्धतीनेच साठवला जातो. हा पर्याय मूळचाच असायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

ब्राउझर हा पासवर्ड प्रत्येक विनंतीबरोबर बेस६४ रूपात पाठवतो, आणि ते रूप कोणालाही क्षणात उलगडता येते. म्हणून जोडणी सांकेतिक करणारे एचटीटीपीएस नसेल, तर या कुलपाला अर्थ नाही. त्यातही एक अडचण आहे : एचटीटीपीएससाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवलेली फाइल तपासून मिळत असेल आणि संपूर्ण संकेतस्थळ बंद असेल, तर तपासणाऱ्या सर्व्हरलाही ४०१, म्हणजे ‘आधी पासवर्ड द्या’, हेच उत्तर मिळते आणि नूतनीकरण अडते. ती फाइल ज्यात असते, त्या एका फोल्डरला सूट देणारा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा.

चुकीचे पासवर्ड कितीही वेळा टाकले तरी हे साधन कोणाला अडवत नाही. त्यासाठी मी वारंवार चुकणाऱ्याला रोखणारे फेल-टू-बॅन हे साधन जोडतो. लॉगआउटची सोयही नाही, त्यामुळे सामायिक संगणकावर काम झाल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करायला मी प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो.

चाचणीसाठी आणि कार्यालयातल्या पाच-दहा जणांच्या पानांसाठी मी हेच निवडेन. ज्या दिवशी बाहेरचे लोक स्वतः नोंदणी करू लागतात आणि विसरलेला पासवर्ड त्यांना आपापला बदलून हवा असतो, त्या दिवशी मात्र मी त्या चार ओळी काढून ॲप्लिकेशनचे स्वतःचे लॉगिन लावतो.