ओव्हरलीफ कम्युनिटी एडिशन: विभागाच्या सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

ओव्हरलीफ म्हणजे ब्राउझरमध्ये अनेकांनी मिळून लाटेकमध्ये (मजकुरात आज्ञा लिहून पानं जुळवण्याची पद्धत) लिहायचं साधन. त्याची स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी कम्युनिटी एडिशन आमच्या विभागात बसवून बरेच महिने झाले. दोन पेपर आणि एका विद्यार्थिनीचा प्रबंध त्यावर लिहून झाला, त्यामुळे आता ठामपणे सांगता येतं: वापरण्याजोगं आहे, पण मेहनतीच्या हिशेबात फुकट नाही.

कोड खरोखरच खुला आहे. शेअरलाटेक या अशाच दुसऱ्या सेवेने तो 2014 मध्ये एजीपीएल परवान्याखाली (बदललेला कोडही खुला ठेवायला लावणारा परवाना) दिला. 2017 मध्ये ओव्हरलीफने शेअरलाटेक विकत घेतलं, तरी ते दार बंद झालं नाही. हे ज्या कंटेनरमध्ये (सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधून चालवायचा डबा) चालतं त्याचं नाव अजूनही शेअरलाटेकच आहे, ते पाहून मला बरं वाटतं.

बसवणं सोपं आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं. सोबत येणारं टेक लाइव्ह (लाटेकच्या पॅकेजांचा संच) अगदी जुजबी असतं. पूर्ण संच कंटेनरमध्ये शिरून घ्यावा लागतो आणि त्या बदललेल्या कंटेनरची प्रत (इमेज) जपून ठेवावी लागते, नाहीतर कंटेनर नव्याने उभा केला की सगळं जातं. प्रबंधातल्या मराठी सारांशासाठी झीलाटेक (युनिकोड मजकूर थेट हाताळणारं लाटेकचं रूप) निवडलं, फाँटची फाईल प्रकल्पातच टाकली आणि लिपी देवनागरी असल्याचं नमूद केलं. जोडाक्षरं स्वच्छ उमटली.

कमतरता नेमकी सहलेखनात जाणवते. एकाच वेळी अनेकांना टंकता येतं, पण कोणी काय बदललं याच्या खुणा आणि समासातल्या टिपा सशुल्क आवृत्तीत आहेत. सहलेखकांशी वाद घालायचा तर ई-मेलच. शिवाय इथे प्रत्येकाचं कंपाइल (मजकुरातून पीडीएफ बनवणं) वेगळं कोंडलेलं नसतं, एकाचा मजकूर इतरांच्या फाईलींपर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे विश्वासातल्या माणसांनाच खातं द्या. बाहेरच्यांसाठी हे उघडू नका.

यामागचं अर्थकारण समजून घ्यायला हवं. ओव्हरलीफमागे डिजिटल सायन्स या संशोधनाची साधनं पुरवणाऱ्या कंपनीचं भांडवल आहे. ती कंपनी होल्ट्झब्रिंक या जर्मन प्रकाशन समूहाची, आणि जर्नलं छापणाऱ्या स्प्रिंगर नेचरमध्ये मोठा हिस्सा याच समूहाचा. ऑथोरिया हे असंच दुसरं लेखनसाधन 2018 मध्ये वायली या जर्नल-प्रकाशकाच्या अटिपॉन कंपनीकडे गेलं. म्हणजे पेपर छापणाऱ्यांचाच पैसा आता पेपर लिहायच्या जागेतही आहे. सशुल्क सोयींतून पगार निघतात, त्याला माझी हरकत नाही. पण सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या संशोधनाची लिहायची जागाही सार्वजनिक असावी, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी कोडपेक्षा माणूस लागतो. आमच्याकडे अपग्रेड आणि बॅकअप एक पीएचडीचा विद्यार्थी स्वतःच्या वेळात करतो, आणि पुढच्या वर्षी तो जाणार आहे. विद्यापीठं जर्नलांच्या वर्गणीसाठी तरतूद करतात, तशीच या कामासाठी एका पगारी माणसाची करावी. सर्व्हर बसवण्याआधी हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.